गणबाची बोलकी माणसं

एका गावात एक भोळा संवादलेखक होता. नाव गणबा. गावात संवादलेखकाचं काय काम, असं कुणीही विचारेल. पण परदेशात शिकून आलेल्या मृण्मयीताई शाळेसाठी संगणकावरचा एक खेळ बनवत होत्या. खेळात मुलांनी कधी गुरांचा डॉक्टर व्हायचं, कधी सरपंच, आणि खेळता खेळता गाव चालवायला शिकायचं. त्यातली माणसं काय बोलतील, ते गणबानं लिहायचं. तालुक्याच्या साहेबांना खेळ आवडला, तर तो सगळ्या शाळांत जाणार होता. ताईंचा जीव त्यातच अडकला होता. गणबाचाही. याआधी त्याला कुणी कसलं काम दिलंच नव्हतं.

"गणबा, पोट फुगलेलं वासरू घेऊन शेतकरी डॉक्टरकडे येतो," ताई म्हणाल्या. "गावात बोलतात तसंच बोलू दे त्यांना."

गणबानं पारावर बसून ऐकलं आणि तस्सं लिहिलं.

"रामराम डाक्तर."

"रामराम. च्या झाला?"

"झाला. तुमचा?"

"झाला की. पाव्हणे गेले का?"

"जातील आज."

मुलं बटण दाबत राहिली. पाव्हणे गेले, लेकीचं बाळंतपण झालं, आणि वासराचा विषय निघाला तेव्हा वासरू मेलेलं होतं.

"अरे, वासरू मेलं ना!"

"पण ताई, च्या झाला."

ताईंनी कपाळाला हात लावला. "माणसानं आल्या आल्या कामाचं बोलावं. इकडचं तिकडचं नको."

गणबानं ते पक्कं डोक्यात ठेवलं. पुढच्या भागात सरूबाईचा नवरा वारतो आणि सरपंच भेटायला जातो. गणबानं लिहिलं:

"सरूबाई, नवरा मेला?"

"व्हय हो सरपंच!"

"बरं. त्याची सायकल विकायची का?"

"गणबा! समोरचा रडत असेल, तर आधी त्याच्या दुःखात सामील व्हावं!"

हेही गणबाला पटलं. पुढच्या भागात किसनाची कडब्याची गंजी पेटते आणि तो बंबवाल्यांना फोन करतो.

"साहेब, गंजी पेटली हो!"

"अरेरे! कडब्याची?"

"व्हय हो!"

"हाय रे देवा! आमची बी अशीच गेली रे किसना!"

दोघं मनसोक्त रडले. गंजी जळाली. मग गोठा जळाला.

"रडून आग विझते का रे?"

"दोघंच होते ना, ताई. अजून माणसं घालू का?"

ताईंनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि अगदी हळू आवाजात समजावलं, "हे बघ. मूल घाबरलं, तरी आपलं पात्र शांत राहतं. उत्तर सांगत नाही. पर्याय देतं. निवड मुलाची. चुकलं, तर शाबासकी द्यायची आणि पुन्हा खेळायला लावायचं. चुकल्याशिवाय कुणी शिकत नाही."

गणबाला हे इतकं आवडलं, की त्यानं खेळातले सगळे संवाद तसे लिहिले. ते खरोखर छान जमले. ताई खूश झाल्या. साहेबांना बोलावणं गेलं.

साहेब आले. ताई शाळेत संगणक लावत होत्या. त्यांनी गणबाला साहेबांना आणायला फाटकावर पाठवलं. दोघं पटांगणात पोचले, तोच पाटलांचा बैल दावं तोडून समोर आला. हा बैल मारका. गणबाला त्यानं दोनदा उडवलं होतं.

"काय रे," साहेब थबकले, "मारतो का हा?"

गणबा शांत राहिला. "तुम्हाला काय वाटतं, साहेब? एक, मारतो. दोन, गरीब आहे. तीन, आधी अजून माहिती घ्यावी."

"अरे, सांग ना लवकर!"

"घाई नाही. नीट विचार करा."

बैलानं शिंगं खाली घातली.

"गरीब आहे! गरीब आहे!" साहेब ओरडले.

साहेब वर गेले आणि शेणखताच्या ढिगात खाली आले. आवाज ऐकून ताई धावत बाहेर आल्या. गणबा साहेबांची पाठ थोपटत होता.

"शाबास साहेब, छान प्रयत्न! चुकलं तरी हरकत नाही."

मग त्यानं साहेबांना उचलून पुन्हा पटांगणाच्या मधोमध उभं केलं आणि बैल आणायला गेला.