राष्ट्राध्यक्षांच्या कोटाचं रफू

रविवारी सकाळी काचेचं कपाट उघडलं आणि नारोबा शिंप्याच्या पायांखालची जमीन सरकली. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी लढाईत घातलेला निळा कोट कसरीनं खाल्ला होता. पाठीवर रुपयाएवढं भोक!

तळसंगी संस्थानच्या राजेसाहेबांना त्या परक्या देशाच्या जुन्या वस्तूंचं वेडच होतं. तिकडच्या शिपायांची बटणं, गंजलेल्या संगिनी, राष्ट्राध्यक्षांच्या सह्यांचे कागद यांनी अर्धा महाल भरला होता. खुद्द त्यांच्या पणजोबांची तलवार मात्र कोठीत कोळशाच्या पोत्यांमागे पडलेली. सगळ्यात लाडका हा कोट. मुंबईच्या दलालानं तो आणून दिला, तेव्हा राजेसाहेबांनी गावभर साखर वाटली होती. आणि येत्या गुरुवारी तो पाहायला अमेरिकेहून एक बडा संग्राहक यायचा होता.

राजेसाहेबांनी फर्मावलं, की भोक बुजलंच पाहिजे, पण कोटाला नवा दोरा किंवा परकं कापड लागता कामा नये. जे लागेल ते त्याच काळातलं, त्याच देशातलं हवं. जमलं नाही, तर नारोबानं संस्थानची हद्द सोडायची. तीस वर्षं पोशाखखान्यात राबलेला नारोबा कोट घेऊन घरी आला आणि भिंतीला टेकून बसला.

त्याची मुलगी भिवरा रफू करण्यात बापाच्या वरचढ. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कोट मांडीवर ओढला. खालची दुमड उसवून तिनं आतलं बोटभर कापड कापलं, त्याचेच धागे सोडवले आणि तीन दिवस खपून भोक असं बुजवलं, की बापालाही जागा सापडेना. पण उसवताना तिला जे दिसलं, ते तिनं बापालाही सांगितलं नाही.

गुरुवारी भिवरा कोट घेऊन दरबारात गेली. राजेसाहेबांनी भिंग लावून पाठ न्याहाळली. खूश होऊन त्यांनी विचारलं, की यात नवं काहीच नाही ना?

"नाही हुजूर. कोट जेवढा जुना, तेवढाच रफूचा धागा जुना. एका दिवसाचाही फरक नाही," भिवरा म्हणाली. मग हळूच तिनं विचारलं, "ते राष्ट्राध्यक्ष वारले कधी?"

राजेसाहेबांना तारखा तोंडपाठ. "सतराशे नव्याण्णव साली."

भिवरानं कोट उलटा केला. आतल्या सगळ्या शिवणी यंत्राच्या होत्या, टाका टाक्याला जुळलेला. शिवणयंत्र घरोघर आलं ते त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, असं बापाच्या यंत्राबरोबरच्या पुस्तकात छापलंय, हे तिनं सांगितलं. कॉलरला मळ नाही, काखेत घामाचा डाग नाही, तेही दाखवलं.

राजेसाहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे हा कोट त्यांनी घातलाच नाही? आता पाहुण्याला काय सांगू?"

"कुणीच घातलेला नाही, हुजूर. आपण आत्ता अंगावर चढवा. मग खुशाल सांगा, हा कोट खुद्द राज्यकर्त्याच्या अंगावरचा आहे. शब्द खोटा पडणार नाही."

राजेसाहेब पोट धरून हसले. हसता हसताच त्यांनी कोटाच्या बाहीत हात घातला.

नारोबाची नोकरी कायम झाली. भिवराला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या आणि हुकूम सुटला, की यापुढे अमेरिकेची कुठलीही वस्तू आधी भिवराच्या हाताखालून जाईल, मगच महालात येईल.