बिळात बसलेला तांबू

खाडीकाठचे खेकडे अजून सभा भरवत होते, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. एक सभा तरण्या तांबूच्या बिळापुढे भरली, कारण तो चार दिवस बाहेरच आला नव्हता.

तांबूचं जुनं कवच अंगाला पुरेनासं होऊन फुटलं होतं आणि नवं अजून सायीसारखं मऊ होतं. "थोडे दिवस मला आत राहू द्या. वाळूसुद्धा टोचते," तो आतून म्हणाला.

"आमच्या वेळी नव्हती बुवा असली थेरं," सभेतले सगळ्यांत म्हातारे नांगेतात्या म्हणाले. बोलताना ते स्वतःच्याच तरुणपणीच्या फुटक्या कवचाला टेकून बसले होते.

"लग्न लावून द्या, आपोआप टणक होईल," शेजारच्या काकूंनी सुचवलं. कुणी पहाटे उठायला सांगितलं.

"मी अजून मऊ आहे हो," तांबू पुन्हा म्हणाला. तेव्हा चौघांनी त्याची समजूत घालत घालत, पाय धरून त्याला बाहेर ओढलं.

समोरच्या ओल्या वाळूवर बगळा उभा होता. टणक मंडळी तिरकी पळाली. तांबूच्या मऊ पायांना पळणं जमेना. एक नांगी बगळ्याच्या चोचीत सोडून तो कसाबसा बिळात शिरला.

संध्याकाळी सगळे विचारपूस करायला आले. "एवढा त्रास होत होता, तर एकदा बोलायचंस तरी," नांगेतात्या कळवळून म्हणाले.

"हल्लीची पोरं मनातलं सांगतच नाहीत," काकू म्हणाल्या, आणि सभेनं माना डोलावल्या.