मुठीतली अंजनी

फार वर्षांपूर्वी, आपल्या आजीच्या आजीनेही ज्याबद्दल नुसतं ऐकलंच होतं अशा काळी, घाटमाथ्यावरच्या सावरघळ गावात म्हाळसा नावाची चितारीण राहायची. तिथल्या देवळात वसंताच्या वर्णनाची एक जुनी पोथी होती. पोथी वाचणारे नरहरबुवा एकदा तिला म्हणाले, "म्हाळसाबाई, कवीच्या गावची फुलं आपण कुठं पाहिलीत? पानांच्या समासात आपल्या रानातली काढा."

म्हाळसाचा नेम होता, फूल ताजं आणि डोळ्यांसमोर असल्याशिवाय कुंचला उचलायचा नाही. फुलं आणायची तिची सात वर्षांची लेक चिमा. पळस आला, पांगारा आला, सावर आली. दर खेपेला म्हाळसा बजावायची, कड्याकडे जाऊ नको, बिळात हात घालू नको, पाणी पिऊन जा. पाणवठ्यावरच्या बायका हसायच्या. "अगं, पोरीला दावंच बांध की." म्हाळसा म्हणायची, "बांधलं असतं गं, पण ती दावं चावत बसेल, मग दातांची काळजी."

एका सकाळी ती पळसाचं केशरी भरत होती. रंग वाळायच्या आत पाकळीची कड संपवायची होती. चिमा दारातून म्हणाली, "आये, अंजनी फुललीय. आणू?"

म्हाळसा मान खाली घालूनच म्हणाली, "जा."

तेवढंच.

अंजनी कड्याच्या टोकाला होती. दुपारी लोकांनी चिमाला कड्याखालून खांद्यावर घालून आणलं, तेव्हा तिची मूठ मिटलेली होती. म्हाळसाने एकेक बोट सोडवलं. आत निळी डहाळी, जराही न चुरगळलेली.

ती तिने तांब्यात ठेवली, पण तिचं चित्र काढलं नाही. काढलं की डहाळीचं काम संपणार होतं. आणि असं म्हणतात, ती वाळलीच नाही. अंजनी दोन दिवसांचं फूल, पण पाऊस आला नि गेला, थंडी पडली, तरी तांब्यात ती तशीच निळी. पुढच्या चैत्रात मात्र रानात एकही झाड फुललं नाही. मधमाश्या देवळाच्या खांबांवर नुसत्या बसून राहिल्या, असंही म्हणतात.

बुवा येऊन उंबऱ्यावर बसले. "म्हाळसाबाई, रान थांबलंय."

"तिला मी थांब म्हटलं नाही, बुवा. आता ह्या फुलाला तरी म्हणू द्या."

 बुवांनी हळूच विचारलं, "पोरीने ती कशासाठी आणली होती?"

म्हाळसा उठली. तिने नीळ घोटली. नुसती डहाळी नाही काढली, ती धरलेली मूठही काढली. समोर असल्याशिवाय काही न काढणारी बाई ती. मूठ काढताना तिच्यासमोर कोण उभं होतं, हे बुवांनी विचारलं नाही. शेवटचं नख रंगवून झालं आणि तांब्यातली फुलं गळून पडली. तिसऱ्या दिवशी कडा निळा झाला. म्हाळसाने पुन्हा कुंचला धरला नाही.

पोथीचे कागद आता पिवळे पडलेत, पण मूठ दिसते. आणि सावरघळात लेकरू बाहेर निघालं की अजून आई हातातलं काम खाली ठेवते. तव्यावर भाकरी करपली तर करपू देते. मान वर करते, त्याच्याकडे नीट बघते आणि म्हणते, "म्हाळसाचं बघायचं राहिलं, मी बघितलं. जा आता."

लेकरं कंटाळतात, दारात पाय आपटतात. पण तेवढं ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत.