बेघरांना दार न दिसणारी नगरी

एका राज्यात एक नवल होते. ज्याला घर होते त्याला नगरीभर दारे दिसत. पण ज्याचे घर गेले, मग ते पुराने जावो, आगीने जावो की भाऊबंदकीने, किंवा जो नुसती एक रात्र उघड्यावर निजला, त्याला सकाळी उठल्यावर कुठेच दार दिसत नसे. समोर नुसती भिंत. कोणी हात धरून आत न्यायला गेले तर त्याचे कपाळ दगडावर आपटे.

हा शाप कालभुज नावाच्या मांत्रिकाचा. ऐन थंडीत तो नगरीत आला आणि रात्रीपुरता आसरा मागू लागला. आळीतले लोक म्हणाले, "आम्ही राजाला कर देतो. राजाकडे जा." राजाचे पहारेकरी म्हणाले, "आळीत आलास, आळीने बघावे." ह्याने त्याच्याकडे धाडायचे, त्याने ह्याच्याकडे, असे करता करता उजाडले. कालभुजाने दाढीवरचे दव झटकले आणि तो म्हणाला, "एकमेकांकडे बोटे दाखवता काय? मग ऐका. तुमचे दोघांचे हात एका कामाला लागेपर्यंत ह्या राज्यात बेघराला दार दिसणार नाही." एवढे बोलून तो कावळा होऊन उडून गेला. मांत्रिकांचे असेच. शाप द्यायला थांबतात, समजवायला थांबत नाहीत.

त्या राज्याचा राजा सोमकेतू मनाने चांगला होता. पण हुकूम सोडला की काम झाले, अशी त्याची समजूत. त्याने हुकूम सोडला, आणि नगरीपासून तीन कोसांवर, खडकाळ माळावर, एकसारख्या घरांची रांग उठली. नव्या घरांना जुना शाप कशाला लागतोय, असे सगळ्यांना वाटले. बेघरांना वाजतगाजत तिकडे नेले. त्यांना रांगभर भिंतीच दिसल्या, आणि दिवस मावळायच्या आत ती माणसे पुन्हा नदीच्या घाटावर येऊन बसली.

अमात्य वज्रदंत म्हणाला, "महाराज, ह्या लोकांना सुख टोचते."

राजाला ते पटेना. राणी पद्मगंधेचे दिवस भरले होते, तरी तो साध्या वेषात घाटावर गेला. "जातो आणि येतो," असे तिला सांगून गेला. घाटावर माणसे बोलत होती, तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता पायरीवरच त्याचा डोळा लागला.

जाग आली ती नगाऱ्यांनी. राजा धावत राजवाड्यापाशी आला. राजवाडा होता, महाद्वार नव्हते. तो भिंत चाचपडत उभा असताना त्या सबंध दगडातून अंबारीसकट हत्ती बाहेर आला, आणि माहूत ओरडला, "कन्यारत्न झाले हो! साखर घ्या, साखर!" स्वतःच्या लेकीची साखर राजाने रस्त्यात उभे राहून खाल्ली. पहारेकऱ्यांनी त्याला ओळखले, दोन्ही दंड धरून आत नेऊ पाहिले. कपाळाला टेंगूळ तेवढे आले.

राजवाड्यालगतच्या विहिरीवर एक बाभूळ होती. तिच्यावर सुगरण पक्ष्यांची घरटी झुलत होती. त्यातला एक पिवळ्या डोक्याचा नर म्हणाला, "राजा, फार लागले का?" राजाला त्याचे आश्चर्य वाटले नाही. त्या राज्यात पक्षी बोलत, माणसेच एकमेकांशी कमी बोलत.

"पक्षिराज, माझी चूक काय झाली?" राजाने विचारले.

"मी अर्धे घरटे विणतो आणि मादीला बोलावतो. ती लोंबकळून बघते, चोच मारून बघते. पसंत पडले तर पुढे विणतो, नाही तर सोडून देतो. तू अख्खी रांग उभी केलीस. कुणाला विचारलेस?"

राजाने कपाळावरचे टेंगूळ चोळले.

"तीन कामे कर," पक्षी म्हणाला. "ज्यांना घर नाही त्यांना विचार. ज्यांना घर आहे त्यांच्याकडे माग. आणि मग चौकट अशी बसव, की लाकूड तुझे, हात आळीचे, आणि आतून कुणीतरी त्या माणसाला नावाने हाक मारेल. मनापासून मारलेली हाक ऐकली की दार दिसते. सगळे आत गेल्यावर शेवटी तुझी पाळी. पण बारशाच्या आत. बारशाला बाप बेघर असला, तर शाप लेकीला लागतो."

ज्या पोरीचे तोंडही अजून पाहिले नव्हते, तिला जन्मभर भिंतीच दिसाव्यात! राजा तसाच घाटाकडे वळला.

पहिले काम सोपे वाटले, पण त्यानेच त्याला दमवले. आजवर त्याने बेघरांची शिरगणती केली होती, विचारपूस नव्हे. परीट म्हणाला, "माळावर पाणी कुठाय, महाराज? कपडे काय उन्हात धुऊ?" आंधळा गोंधळी म्हणाला, "तांबटआळीचा दगड न् दगड माझ्या पायाला ठाऊक आहे. तिथंच राहीन." एक लेकुरवाळी म्हणाली, "छप्पर द्याल हो. पण रात्री पोर फणफणलं तर हाक कुणाला मारू?" राजा ऐकत गेला. ऐकताना त्याची मान खाली जात गेली.

दुसऱ्या कामाला तो आळ्याआळ्यांतून फिरला. प्रत्येक आळीत एखाददुसरे पडके घर होतेच. कुणी त्यात गोवऱ्या रचल्या होत्या, कुणी म्हैस बांधली होती. राजाने अंगावरचा शेला पसरला तेव्हा तांबटआळीचा म्हातारा पंच म्हणाला, "महाराज, आम्ही कर देतो की."

"देता म्हणून कौले माझी, लाकूड माझे, सुतार माझे," राजा म्हणाला. "पण शेजार माझ्या कोठारात नाही. तो तुमच्याकडेच मागावा लागतो."

राजा दारात येऊन मागतो आहे, हे त्या आळीने कधी पाहिले नव्हते. पंच उठला आणि आपली म्हैस सोडू लागला. मग काय, एकाने केले की दुसऱ्याला राहवत नाही. गोवऱ्या निघाल्या, जाळी-जळमटे निघाली. माळावरच्या घरांची कौले आणि वासे गाड्यांत भरून खाली आले. राजाचे सुतार चौकट धरत आणि आळीची माणसे पाचर ठोकत. शेजारीण आत जाऊन ज्याच्या-त्याच्या नावाने हाक मारी, "या हो, आत या!" आणि आंधळा गोंधळी दोन्ही हात पसरून नेमका उंबऱ्यावर पाऊल ठेवी. परीट आत गेला, लेकुरवाळी आत गेली. घाट रिकामा होत चालला. राजाला रोज वाटे, पोर आज हसली असेल का?

बारशाचा दिवस उजाडला तेव्हा एकटी साळूबाई उरली होती. बुरुडाची म्हातारी, तोंडाने तिखट. कुंभारआळीत तिचे घर तयार होते, पण शेजारची येसू कुंभारीण हटून बसली होती.

"कौलं घाला, दार लावा, मी आडवी येत नाही," येसू म्हणाली. "पण हाक मी मारायची नाही. हिच्या शेळीनं माझी कच्ची मडकी तुडवली. भाजायचा सगळा आवा बुडाला माझा."

अमात्य म्हणाला, "महाराज, हुकूम करा." उतावीळ झालेल्या राजाने हुकूम केला. येसूने पहारेकऱ्यांच्या भाल्यांकडे बघत हाक मारली. भिंत भिंतच राहिली.

मग राजा तिच्या अंगणात, ओल्या चिखलाशेजारी खाली बसला. डोळ्यांत आलेले पाणी त्याने लपवले नाही. "येसूबाई, आज माझ्या लेकीचे बारसे आहे. मी तिला अजून पाहिलेले नाही."

येसू कपाळावर हात मारून म्हणाली, "अगंबाई! मग हे आधी नाही का सांगायचं? हुकूम कसले करता?" ती तरातरा पडक्या घरात शिरली आणि आतून ओरडली, "काय गं, शेळी बांधून ठेवशील?"

"ठेवीन," साळूबाई बाहेरून ओरडली. "पण तू माझ्या अंगणात राख टाकायची नाहीस!"

"नाही टाकत. ये आता, साळू. भाकरी गार होतेय."

साळूबाईने डोळे चोळले. समोर दार होते. आत शिरताना ती एवढेच पुटपुटली, "कालवण काय आहे?"

राजा राजवाड्याकडे धावला. मागोमाग सगळी नगरी धावली. आतून पहारेकरी ओरडले, "महाराज, या!" वज्रदंत ओरडला, "राजाधिराज, यावे!" भाटाने तर सात पिढ्यांच्या पदव्या म्हटल्या. भिंत जागची हलली नाही. तेव्हा राजाच्या ध्यानात आले, की त्याला नावाने हाक मारणारे कुणी उरलेच नव्हते. आई-वडील केव्हाच देवाघरी गेले, बहीण-भाऊ नव्हते, आणि बाकीच्यांनी राजाचे नाव घेतले तर जीभ झडेल असे त्यांना लहानपणापासून शिकवलेले. राणीने तर नवऱ्याचे नाव घ्यायचे नसते.

सूर्य डोक्यावर आला. आत बायका पाळण्याभोवती जमल्या. राजाने भिंतीला डोके टेकले.

तेवढ्यात भिंतीपलीकडे बांगड्या वाजल्या. राणी पद्मगंधा लेकीला घेऊन महाद्वाराशी आली होती. क्षणभर ती लाजली. मग बाईमाणसाला नवऱ्याचे नाव घ्यायची जी एक वाट मोकळी असते, त्या वाटेने तिने हाक मारली.

"दगडाच्या भिंतीला फुटू दे दार,
सोमकेतू, आत या, ऊन झालंय फार!"

आणि महाद्वार दिसले. मोठे, पितळी कड्यांचे, सताड उघडे. त्याच घटकेला राज्यभरची दारे सगळ्यांना दिसू लागली, आणि कालभुजाचा शाप संपला. राजा हसत, रडत उंबरा ओलांडून आत आला आणि त्याने लेकीसाठी हात पुढे केले.

राणी त्याच्या हातांवरचा कुंभारआळीचा चिखल बघून म्हणाली, "आधी हातपाय धुऊन या. मग घ्या तिला."