खिडकी कोणी अडवली?

"विद्यापीठ नव्या काळाचं झालंच पाहिजे! पण माझ्या आजोबांनी बसवलेला एक दगडही हलता कामा नये, आणि बाहेरची एकही नवी वस्तू आत येता कामा नये!"

कर्दळीनगरच्या मकरंदसेन महाराजांनी भर दरबारात हुकूम सोडला आणि पुढच्या पौर्णिमेची मुदत घातली. तोवर जमलं नाही, तर विद्यार्थ्यांना घरी पाठवायचं आणि दाराला कुलूप ठोकायचं. विद्यापीठाला खरा धोका विद्यार्थ्यांपासूनच असतो, हे पंडितांनी महाराजांना केव्हाच पटवून दिलं होतं. महाराजांनी स्वतः आत कधी पाऊल ठेवलं नव्हतं, त्यामुळे ते पटलंही चटकन.

विद्यार्थ्यांची तक्रार साधी होती. अध्ययनशाळेत भर दुपारी मिट्ट काळोख, वारा नाही, लिहायला मेज नाही. पोथी मांडीवर घेऊन पोरं बिचारी डोळे फोडत होती.

महापंडित वाचस्पतिशास्त्र्यांनी लगेच मंडळ नेमलं. मंडळाने भरपूर खलबतं केली आणि त्याहून भरपूर जिलब्या खाल्ल्या. एक पंडित म्हणाले, "भिंतीवर सूर्य रंगवू!" दुसरे म्हणाले, "याला 'प्राचीन काळोख' म्हणू. मग कोण तक्रार करतो बघू!" दोन्ही सूचनांचं टाळ्यांनी स्वागत झालं आणि पौर्णिमा जवळ आली.

तेव्हा सगुणा दरबारात उभी राहिली. ही विद्यापीठात दिवाबत्ती करणारी पोर. दिवसाढवळ्या दिवे लावायची नोकरी असलेली अख्ख्या राज्यात ती एकटीच असेल!

"महाराज, हे काम मी करते. सगळं आपल्या आजोबांच्या, थोरल्या महाराजांच्या वेळी होतं तस्संच हवं ना?"

"तस्संच!"

"थोरले महाराज दर गुरुवारी पोरांच्या शेजारी जमिनीवर बसून धडा ऐकायचे म्हणतात. तेही तस्संच?"

महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळा दरबार कान टवकारून बसला होता. "हो, तेही," महाराज पुटपुटले. "पण फसलीस, तर पोरांच्या आधी तू राज्याबाहेर!"

गुरुवारी महाराज आले आणि गार फरशीवर मांडी घालून बसले. शेजारी कोण बसलंय तेही दिसेना.

"अगं, दिवे कुठे आहेत?"

"थोरल्या महाराजांच्या वेळी इथे दिवे नव्हते. काढून टाकले!"

"म्हणजे आजोबा अंधारात बसायचे? कसं शक्य आहे?"

"मलाही तोच प्रश्न पडलाय, महाराज. आपणच शोधा ना!"

महाराज चरफडत उठले, चाचपडत निघाले आणि भिंतीवरच्या एका भल्यामोठ्या फळीवर खाडकन आपटले. फळी जराशी सरकली आणि उन्हाची एक तिरीप थेट त्यांच्या नाकावर आली.

"अरे, याच्यामागे खिडकी आहे! आजोबांची खिडकी! कोण माजोरडा ती अडवून बसलाय?"

वाचस्पतिशास्त्री लगबगीने आडवे आले. "महाराज, ते फार थोर पुरुष आहेत..."

"थोर असेल तर त्याच्या घरी! पोरांच्या उजेडात कशाला तडमडलाय? उतरवा त्या सोंगाला!"

सेवकांनी फळी उतरवली. ऊन आणि वारा भसकन आत आले. खाली सागवानी फळीवर, हनुवटीला हात लावून, खुद्द मकरंदसेन महाराज गहन विचारात बसले होते! शास्त्रीबुवांनी खुशामतीपायी रंगवून घेतलेलं ते चित्र.

"मला उतरवलंस?" महाराज गरजले.

"हुकूम आपला होता. मी बोटही लावलं नाही!"

"माझ्या विद्यापीठात माझं तोंड दिसायला नको?"

"आजवर मिणमिणत्या दिव्यांत दिसलं कुणाला, महाराज? आत्ता आपणसुद्धा ओळखलं नाहीत!"

महाराजांची मिशी हलली. त्यांनी भिंतींवरून नजर फिरवली. एकेका खिडकीवर एकेक महापंडित ठाण मांडून होते. वाचस्पतिशास्त्री तर दोन खिडक्यांवर होते, एकीवर समोरून आणि दुसरीवर बाजूने!

"उतरवा सगळ्यांना!" महाराज म्हणाले. "पण पोरी, मेजांचं काय? नवी वस्तू आत येणार नाही, सांगून ठेवतो!"

"हवीय कशाला? या फळ्या पालथ्या घाला, त्यांच्याच चौकटी कापून पाय लावा. बसकी मेजं तयार!"

"शिव शिव!" शास्त्रीबुवा किंचाळले. "पोरं आमच्या पाठीवर लिहिणार?"

"बुवा, विद्यार्थ्यांचा सगळा भार आपल्याच पाठीवर आहे, असं आपण दर समारंभात सांगता. आता घ्याच तो!"

महाराज इतके हसले, की पुन्हा फरशीवर बसले. "आधी मला पालथा घाला रे!" ते डोळे पुसत म्हणाले.

पौर्णिमेला कुलूप काही लागलं नाही. दिवाबत्तीची नोकरी मात्र सुटली, म्हणून सगुणेला सोन्याचं कडं मिळालं आणि विद्यार्थ्यांत पहिल्या खिडकीची जागा मिळाली. लिहायला मेज मिळालं, ते खुद्द महाराजांचं!