भिवराईनं तुडवलेली माती

गिरजाईच्या देवळावर तेव्हा कळस नव्हता, देवळापुढच्या लिंबाला पारही बांधलेला नव्हता, इतकी ही जुनी गोष्ट. मोरवंडी गाव मात्र होतं, आणि गावात भिवरा नावाची कुंभारीण होती. आज तिला सगळे भिवराई म्हणतात. ती जिवंत होती तेव्हा तिला 'भिवरे' अशी हाक मारत, आणि तीही मडकं हवं असलं तरच.

भिवराचा नवरा लवकर गेला. कुंभाराच्या चाकाला बाईनं हात लावू नये अशी तेव्हा रीत होती. पण नवरा गेल्यावर चाक तीच फिरवायला लागली, आणि गावानं बघूनही न बघितल्यासारखं केलं, कारण मडक्यांवाचून कुणाचं चालणार होतं? कुठली मोडलेली रीत नजरेत भरू द्यायची आणि कुठली नाही, हे मोरवंडीला पहिल्यापासून चांगलं कळत असे.

नवरात्रात मोरवंडीचे घट घरोघरी बसत नसत. ते गिरजाईच्या देवळात एका ओळीत बसत. वावर असलेल्या प्रत्येक घरानं आपल्या वावरातली माती परडीत भरून आणायची, तिच्यात धान्य पेरायचं आणि मधे पाण्यानं भरलेलं मडकं ठेवायचं. दसऱ्याला उगवलेलं धान पुरुष पागोट्यात खोवत, आणि ज्याचं धान सगळ्यांत उंच तो शिलंगणाला सगळ्यांच्या पुढं चाले. पुरुषांचं तेवढ्यावर भागत असे. बायकांची गोष्ट वेगळी होती. लेक पहिलटकरीण झाली की आई त्या घटातली मूठभर माती घेऊन सासरी जाई आणि तिची ओटी भरी. त्या मुलखात ती माती म्हणजे माहेर. माती आली की सासरचे लेकीला बाळंतपणाला धाडत. नाही आली तर नाही.

देवळातलं प्रत्येक मडकं भिवराच्या हातचं. पण त्या ओळीत तिचा घट नव्हता, कारण तिला वावर नव्हतं.

भिवराला एकच लेक, ठकू. ती डोंगरापलीकडं वाकुरीला दिलेली होती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ठकूला दिवस गेले. ओटी भरायची म्हणून भिवरा खण, नारळ आणि तिळाच्या वड्या घेऊन वाकुरीला गेली, तर विहीणबाईंनी खण बाजूला ठेवला आणि विचारलं, "माती कुठाय?"

"विहीणबाई, आमाला वावर न्हाई."

"मग गावबी न्हाई. जिला गाव न्हाई तिला मी कुठं धाडू? पोरगी हितंच बाळंत हुईल."

ठकू दाराआड उभी होती. भिवरा निघाली तेव्हा तिनं आईचा पदर धरला आणि बराच वेळ सोडला नाही. वाकुरीला त्या दोन वर्षांत दोन बाळंतिणी दगावल्या होत्या, आणि ते मायलेकींना दोघींनाही माहीत होतं. भिवरा डोंगर उतरेपर्यंत रडली, असं म्हणतात.

घटांना थोडे दिवस उरले असताना ती लिंबाखाली गेली. तिथं रंगोजी पाटील, गुरव आणि गावची चार मोठी माणसं बसलेली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ विचारलं, "पाटील, औंदा माझाबी घट ओळीत बसू द्या. लेकीची ओटी भरायचीय."

पाटील मनानं वाईट नव्हते. त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "भिवरे, मडकं तुजं, ते कोण नको म्हणतंय? पण आईला दाणा पिकवणारी माती लागती. तू माती भाजतीस. भाजल्याली माती आईपुढं कशी ठेवायची, तूच सांग."

भिवरा घरी आली आणि चाकावरचा ओला गोळा तिनं भिंतीवर फेकून मारला. मग तोच गोळा खरवडून काढला आणि पुन्हा मडकी करायला बसली. त्या वर्षी तिनं मडकी द्यायला नको होती, असं आजही कुणीकुणी तावातावानं म्हणतं. पण तिच्या घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं आणि चूल मडक्यांवर चालायची.

मग उत्तरा नक्षत्राचा पाऊस आला. मोरवंडी कोरडा गाव, तिथं पाऊस येतो तो पाहुण्यासारखा टेकून जातो. त्या वर्षी तो उठेचना. वरच्या अंगाचे बांध फुटले, खालच्या अंगाचे त्यांच्या मागोमाग फुटले, आणि पाऊस थांबला तेव्हा लोकांनी बाहेर येऊन बघितलं तर वावरं पांढरी दिसत होती. माती गेली होती, खालचा मुरूम उघडा पडला होता. पाटलाची काळी गेली, थोरातांची तांबडी गेली, टेकाडावरची भुरकी गेली. सगळी माती ओघळीनं वाहत खाली आली आणि गावाखाली भिवराची जी मातीची खाण होती तिच्यात साचली. असं म्हणतात की त्या पाण्यानं एकाही घराची माती मागं सोडली नाही आणि एक मूठभरही गावाबाहेर जाऊ दिली नाही.

पिकाचं दुःख होतंच. त्याहून घाबरवणारं दुःख म्हणजे उद्या घट बसायचे होते आणि मोरवंडीत कुणाकडंच माती नव्हती. मुरमात काही उगवत नाही. परगावची माती आणावी तर ते घट परगावचे झाले असते. शेवटी ज्याची त्याची परडी घेऊन सगळा गाव खाणीवर आला.

आणि तिथं त्यांनी जे केलं ते फक्त मोरवंडीचे लोकच करू जाणोत. ते आपापली माती शोधायला लागले. पाटील गुडघ्याएवढ्या गाळात वाकून काळी माती वेचू लागले. थोरात म्हणाले, ती काळी दिसते पण ओली तांबडी आहे, वाळली की बघा. एकानं गाळ नाकाशी धरला आणि सांगितलं की हा आमच्या आंब्याखालचा. दुसऱ्यानं चाखून बघितला. दोघा चुलत भावांची बांधावरून जुनी भांडणं होती. तो बांध आता चार बोटं गाळाखाली कुठंतरी पडला होता, तरी ते त्यावरून पुन्हा भांडले.

भिवरा काठावर उभी होती. पाटलांनी कपाळावरचा घाम पुसला, त्यानं कपाळाला चिखल लागला. ते म्हणाले, "भिवरे, तू जन्मभर मातीत हाईस. सांग, ह्यातली आमची कुठली?"

"मला वो काय ठावं? गाळ हाय. समदा सारखाच."

खाण तिची होती. 'ही माझी, उठा हितनं' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते, असं म्हणतात, आणि ते खोटं वाटत नाही. पण घटच बसले नाहीत तर ओटीची माती कुणालाच मिळणार नव्हती, आणि वाकुरीला ठकूचे दिवस भरत आले होते. भिवरानं काष्टा आवळला आणि ती गाळात उतरली. मडक्यांची माती मळतात तशी तिनं ती पायांनी तुडवायला घेतली. काळी, तांबडी, भुरकी, सगळी एक करायला लागली.

"अगं, काय करतीस!" पाटील ओरडले. "आता तर काईच वळखू येनार न्हाई!"

"न्हाईच येनार. ज्याला पायजे त्यानं ह्यातली न्यावी. आन् ह्यातलीच माती घिऊन माझाबी घट बसंल."

"पर ह्यात तुजी कुठली?"

भिवरा मांड्यांपर्यंत चिखलात उभी होती. ती म्हणाली, "मी हाय न्हवं ह्यात."

पाटलांनी गुरवाकडं बघितलं. गुरव देवळाच्या दिशेला तोंड करून उभा राहिला आणि मग त्यानं आपली परडी पुढं केली. त्याला काही साक्षात्कार झाला असं लोक म्हणतात. उद्या सकाळी आपल्याला रिकाम्या देवळात उभं राहावं लागेल हे त्याला दिसलं असावं, असं मला वाटतं.

भिवरानं ती सगळी खाण एकटीनं तुडवली. तिचं तुडवून होईपर्यंत सूर्य मावळतीला टेकून उभा राहिला, खाली गेलाच नाही, असं म्हणतात. सूर्य असा थांबतो होय, असं एखादा शहाणा विचारतो. त्याला गावातल्या म्हाताऱ्या विचारतात, तू कधी दिवसभर चिखल तुडवलायस का?

त्या वर्षी ओळीतलं सगळं धान एका उंचीचं आलं. दसऱ्याला शिलंगणाला पुढं कुणी चालायचं हे ठरेना. वेशीत उभं राहून पुरुषांनी परड्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, बोटं लावून पाहिली. शेवटी ऊन चढलं तेव्हा सगळे एकदमच निघाले, आणि वेस अरुंद असल्यामुळं दोघातिघांची पागोटी पडली.

भिवरा त्यांच्यात नव्हती. ती पदरात माती आणि धान बांधून वाकुरीच्या वाटेला लागली होती. विहीणबाईंनी माती बोटांत घोळवून बघितली आणि विचारलं, "ही कुनाच्या वावरातली?"

"पाटलाच्या हाय, थोराताच्या हाय, गुरवाच्या हाय. तुमाला आनखी कुनाची पायजे?"

विहीणबाईंनी गाडी जुंपायला सांगितली. ठकू त्याच दिवशी गाडीत बसून माहेरी आली. तिला मुलगी झाली आणि मायलेकी दोघी सुखरूप राहिल्या. कुणी म्हणतं ती मुलगी हसतच जन्मली. तसं काही नसावं. हसली ती भिवरा.

पुढं दरसाल घटांच्या आदल्या दिवशी माती खाणीवर जमू लागली आणि भिवरा ती तुडवू लागली. आधी वावरवाले आले, मग परीट, न्हावी, बुरूड. वेशीबाहेरच्या घरांची माती त्यात कधी मिसळली, यावर मोरवंडीचं एकमत नाही. सांगणारे हा भाग घाईनं सांगतात, म्हणजे ती बरीच उशिरा मिसळली असणार.

भिवरा थकली तेव्हा प्रश्न आला की तिच्यामागं माती कुणी तुडवायची. माती तुडवणं हा एवढ्यात मोठा मान होऊन बसला होता. पाटलांच्या घरानं तो मागितला, थोरातांनीही मागितला. भिवरा गिरजाईपुढं उभी राहून म्हणाली, "जी गावात समद्यांच्या शेवटी आली, तिला द्या." त्यावर दोन्ही घरांत कुणी जेवलं नाही, पण गिरजाईसमोर बोललेला शब्द कोण मोडणार?

भिवरा कशी गेली याच्या दोन तऱ्हा आहेत. एक अशी की ती शेवटची खाणीत उतरली आणि माती तिच्यावर अलगद मिटली. दुसरी अशी की तिला थंडीत खोकला झाला. दोन्ही सांगणारे शपथेवर सांगतात.

आता मोरवंडीत कुंभाराचं घर उरलेलं नाही. मडकी बाजारातून येतात. खाण मात्र आहे, आणि घटांच्या आदल्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरची पाटीभर माती तिथं पडते. गावात सगळ्यांत शेवटी आलेली बाई ती तुडवते. कधी ती नवी सून असते, कधी बदलून आलेली नर्सबाई असते. तिची माती तुडवून झाली की जमलेल्यांतली सगळ्यांत म्हातारी बाई तिला विचारते, "कुठली गं तू?" आणि तिनं उत्तर दिल्याशिवाय कुणी परडी भरायची नाही.

गेल्या नवरात्रात ती पाळी फुलमती नावाच्या बाईवर आली. तिचा नवरा बिहारातून फरशी बसवायच्या कामाला आलेला, शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत दोघं राहत होती. सात-आठ बायका एकदम दारात बघून ती घाबरली, आपल्याकडून काही चुकलं असं तिला वाटलं. बायकांनी तिला हाताला धरून खाणीवर आणलं आणि चिखलात उभं केलं. तिनं तासभर माती तुडवली. मग हौसाबाई म्हातारीनं विचारलं, "कुठली गं तू?" फुलमतीनं आपल्या गंगेकाठच्या गावाचं नाव सांगितलं.

"त्येबी असू दे," म्हातारी म्हणाली. "पर आता हितलं सांग."

फुलमतीनं पायांकडं बघितलं. ती म्हणाली, "मोरवंडी." मग बायका परड्या भरायला खाली वाकल्या.