ठमा शिंपिणीचे कोट

पिसरवाडीला सडक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या आजेसासूनं ठमाबाईला डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तिची गोष्ट सांगताना ती आवाज खाली आणायची. का आणायची, ते तुमचं तुम्ही ठरवा.

ठमाबाई ही गावच्या शिंप्याची बायको. नवरा कापड कापायचा, शिवायचा, आणि काजं करायची ती. गावातल्या एकूण एक कोटाची काजं तिच्या हातची. तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र जन्मभर दोन लुगडी, एक नेसलेलं आणि एक वाळत घातलेलं.

तेव्हा गावात एक रीत होती. पुरुष मेला की त्याचा कोट घरात ठेवायचा नाही. शिवेवरच्या बोरीच्या काट्यांवर टाकून यायचा आणि मागं वळून बघायचं नाही. कोट बोरीवर गेला म्हणजे माणूस संपला. मग दहाव्या दिवशी त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडायच्या, आणि घरदार ज्याच्याकडं जायचं त्याच्याकडं जायचं.

शिंपी मेला, त्याचाही कोट बोरीवर गेला. ठमाबाई तेव्हा साठीच्या पुढची. दहावा झाला, आणि दुसऱ्याच सकाळी ती शिवेवर गेली, कोट काढून आणला, धुतला, लुगड्यावर चढवला आणि पाण्याला निघाली. पाणवठ्यावरच्या बाया घागर बुडवायची विसरल्या.

"अगं ठमे, म्हातारपणी लाज कुठं सांडलीस?" पाटलीण म्हणाली.

"जल्मभर काजं म्या केली," ठमाबाई म्हणाली, "आता बटणंबी मीच लावणार."

पुढं तिला नादच लागला. कुणी गेलं की पंधरवड्यात त्याचा कोट हिच्या अंगावर. आणि नुसता घालायची नाही हो. बाह्या अशा दुमडायची की आतलं तांबडं अस्तर दिसावं. काळ्या कोटाची पितळी बटणं काढून शिंपल्याची लावायची. डोक्याला फिका गुलाबी पटका, खिशात करडईचं फूल. बाया तोंडानं नावं ठेवायच्या आणि तिचा पटका कसा बांधलाय ते नीट बघून घ्यायच्या.

पण नवल पुढंच आहे. पाटील वारला, तो आडदांड. गुरव वारला, तो काडीसारखा. दोघांचे कोट तिला मापात बसले. तीच बाई, तेच अंग. असं म्हणतात, लोकांनी तिच्यामागं कोट उलटेपालटे करून पाहिले, तर बटणांखेरीज एक टाका नवा सापडला नाही. पाटलाच्या कोटात ती खोकली की पाटलीण दार लावून घ्यायची. गुरवाचा कोट घालून निघाली की त्याचं कुत्रं शेपूट हलवत मागं जायचं. लोकांनी तिच्या हातचं पाणी प्यायचं सोडलं. मेलेली माणसं हिच्यात येऊन बसतात, असं म्हणतात. मी म्हणत नाही.

अशात लाम सुरू झाली, म्हणजे साहेबाची मोठी लढाई. गावातला हैबती नावाचा पैलवान गडी तिकडं गेला. दोन वर्षं ना पत्र, ना निरोप. मग एके दिवशी त्याच्या भावानं, दौलतीनं, हैबतीचा लग्नातला कोट उचलला आणि बोरीवर टाकला.

हैबतीची बायको बकुळा ओरडत मागं धावली. "सांगावा न्हाई, कागद न्हाई, कोट कसा टाकला?"

"दोन वर्षं झाली. मेलाच आसंल," दौलती म्हणाला. "दहाव्याला बांगड्या फोडू. घर मोकळं कर."

नवव्या दिवशी बकुळा ठमाबाईच्या दारात गेली. सगळं गाव जिथं जायला भ्यायचं, तिथं.

"आत्या, तुमाला मेलेल्याचेच कोट बसत्यात न्हवं? मग हा घालून बगा."

सगळा गाव बोरीखाली जमला. ठमाबाईनं कोट काढला, हात घातला. पैलवानाचा कोट तो, पण बाही कोपरावरच अडली. बटण आणि काज यांच्यात वीतभर अंतर.

"बसत न्हाई," ती म्हणाली. "ह्यो जिता हाय."

"ढोंग!" दौलतीनं कोट ओढून घेतला आणि स्वतः घातला. त्याला तो इतका ढगळ, की बोटंसुद्धा बाहीबाहेर येईनात. लोक एकमेकांकडं बघायला लागले.

नव्या पाटलानं न्याय केला. रोज सकाळी ठमाबाईनं इथंच, सगळ्यांदेखत कोट घालायचा. बसला त्या दिवशी बांगड्या फुटतील. आणि लबाडी सापडली तर शिंपिणीनं सगळे कोट घेऊन गावाबाहेर व्हायचं.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, सुगी झाली. रोज कोट कोपरावर अडायचा. दौलती अगदी नाकाशी येऊन बघायचा. बकुळा रोज लांब उभी राहायची, हात पदराखाली घेऊन.

मग पौषातली एक सकाळ आली. धुकं इतकं की बोर दिसेना. ठमाबाईनं कोट घेतला आणि त्या दिवशी, पहिल्यांदाच, लोकांकडं पाठ केली. कोणी म्हणतं, बाही सरळ मनगटापर्यंत गेली. कोणी म्हणतं, धुक्यात काय दिसणार! पण तिचे खांदे हलले, ते सगळ्यांनी पाहिलं. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग कोट उतरवला, घडी केली.

"बसत न्हाई."

"हिकडं तोंड करून घाल!" दौलती पुढं झाला. "मला बगू दे."

ठमाबाईच्या अगदी शेजारी जुनी पाटलीण उभी होती. जे काही दिसलं असेल ते तिलाच. ती आडवी आली. "बसत न्हाई म्हणली ती. कान फुटले का तुजे?" मग पाणवठ्यावरच्या बाकीच्या म्हाताऱ्याही सरकल्या, आणि दौलतीपुढं नुसती लुगडी उभी राहिली.

हैबती परत आला नाही. बकुळा त्याच घरात म्हातारी झाली, हातभर हिरव्या बांगड्यांनी. ठमाबाई गेली तेव्हा बायकांनी तिला सरणावर कोट घातला. कोणता, ते एकीनंही पुरुषांना सांगितलं नाही.

अजूनही आपल्या गावातला माणूस कुठं दूर हरवला आणि घरच्यांना घाई झाली, की गावातली सगळ्यात म्हातारी बाई गुलाबी पटका बांधून शिवेवर जाते. कोट असो, सदरा असो, लोकांकडं पाठ करून घालते. बाकीच्या बाया तिच्याभोवती उभ्या राहतात.

आजवर पिसरवाडीत एकाही म्हातारीला एकही कोट बसलेला नाही.